पान तीनशे बारा

राख आमच्याकडे कपाळावर लावत नाहीत,
चिमूटभर टाळूवर टाकतात.
त्या बुधवारी ती केसांत घेऊनच घरी आले
आणि पुस्तक मिटलं. पान तीनशे बारा.
खुणेला संत बार्बराचं चित्र,
तिच्या हातात तीन खिडक्यांचा बुरूज.

आलोइझनं चॉकलेट सोडलं, आईनं कॉफीतली साखर.
मी थेस्राला सोडलं:
धुमसत्या दरीवर, एका हातानं दोराला लटकलेली,
दुसऱ्या हातात कंदील,
खाली ड्रॅगन. त्यानं अजून एकच डोळा उघडलाय.

रविवारची सूट असते, असं क्लोटिल्डा म्हणते.
मी घेतली नाही.
दर रविवारी वीतभर वर येणार असेल थेस्रा,
तर ते कसलं लटकणं?

आमच्या रुडात जमीन अधूनमधून हलते.
खालचा कोळसा काढलेला, पोकळ्या बसतात,
कपाटातले पेले एकमेकांना लागतात,
आई डाव हातात धरून तशीच थांबते.
फोन वाजला नाही, तर बरं.
आलोइझ लहान असताना मी त्याला सांगायचे,
ड्रॅगननं कूस बदलली, बस.
तो झोपायचा.

जपमाळ उशीखाली असते.
एक मणी चिरलेला, बोट तिथे आपोआप अडतं.
पहिलं दशक बाबांच्या पाळीसाठी,
मग मावशीचा गुडघा, मग आलोइझ,
चौथं गणितासाठी, जरा घाईनं,
आणि पाचवं, लाजत लाजत, थेस्रासाठी.
नमो मारिया, ती घसरतेय.
नमो मारिया, तिचा तळवा ओला आहे.
पहिल्या चारांत मला पेंग यायची.
पाचव्यात कधीच नाही.
तेच टोचत राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात फादर हुबर्टना जाळीतून विचारलं:
जी नाहीच, तिच्यासाठी प्रार्थना केली तर पाप लागतं?
पेपरमिंटचा वास आला.
इतका वेळ गप्प, की वाटलं, डुलकी लागली.
मग म्हणाले,
"कशाला धरून लटकली आहे?"
दोराला.
"कसल्या?"
तसं काही लिहिलेलं नाही, फादर.
"मग तू दोरासाठी कर."
आणि तीन नमो मारिया दिल्या,
त्या मात्र आलोइझला चिमटा काढल्याबद्दल.

बाहेर खाणीच्या मनोऱ्यावर चाकं फिरत होती.
दुपारची पाळी खाली चालली होती.
जन्मापासून मी या चाकांखाली राहते.
पिंजरा दोरावर असतो, हे ठाऊक होतं मला,
जसं गुणाकाराचे पाढे ठाऊक असतात.
तिथेच उभी राहिले,
चाकं थांबेपर्यंत.

पवित्र शनिवारी टोपलीत पाव, मीठ, सॉसेज, रंगवलेली अंडी,
लवंगांच्या डोळ्यांचं लोण्याचं कोकरू,
आणि भरतकामाच्या रुमालाखाली पुस्तक.
आईनं पाहिलं.
काही न बोलता रुमालाचं टोक ओढून कोपरा झाकला.
फादर हुबर्टनी ओला कुंचा झटकला,
कोकराचा एक डोळा गळाला,
आणि रुमालातून पाणी झिरपलंच.

मध्यरात्री मिस्साहून परतलो.
बाबा टेबलाशी बसल्या बसल्या पेंगत होते,
पापण्यांच्या कडेला कोळशाची ती रेघ,
जी कुठल्याच साबणाला दाद देत नाही.
मी पुस्तक उघडलं.
कागद फुगला होता, नेमका दरीपाशी.
थेस्रा होती अजून.

"बाबा, पिंजऱ्याचा दोर केवढा जाड असतो?"
डोळे न उघडता त्यांनी
टोपलीतलं एक अंडं चाचपून उचललं,
माझ्या तळव्यावर ठेवलं.
"एवढा."

मी ते मुठीत धरलं,
आणि दुसऱ्या हातानं
पान उलटलं.